एका लहरीच्या चार वाहिन्या. त्यात आपली कोणती?

१९२७ हे साल आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्याला पाठ असते. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला आणि २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. बदलापूरच्या माणसाला त्यात आणखी एक तारीख ठाऊक असते. ३ मे १९२७ रोजी बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. या साऱ्या तारखांच्या रांगेत एक तारीख मात्र आपण कधी लावत नाही. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत देशातले पहिले नियमित रेडिओ केंद्र सुरू झाले. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते. केंद्र सरकारी नव्हते, 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी कंपनीचे होते.

म्हणजे ज्या वर्षी अस्पृश्य समाज स्वतःचे पाक्षिक काढून स्वतःचे म्हणणे मांडू पाहत होता, त्याच वर्षी आवाज हवेतून घरोघर नेणारे यंत्र मुंबईत येऊन थांबले होते. पण ते यंत्र कुणासाठी होते? सेट परदेशी आणि महाग, शिवाय तो बाळगायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना. गिरणीतल्या, गोदीतल्या, रेल्वेतल्या आपल्या माणसाच्या पगारात हे बसणारे नव्हते. केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा होता आणि त्याचा आवाज सुमारे तीस मैलांपर्यंत नीट पोचे. बदलापूर सरळ रेषेत मोजले तर नेमके त्या अंतराच्या काठावर पडते. काठावर राहण्याची या गावाची सवय अशी जुनी आहे.

ती कंपनी तीन वर्षेही टिकली नाही. १९३०च्या मार्चमध्ये तिचे दिवाळे निघाले. कारण साधे होते: केंद्र उभे राहिले, पण ऐकणाऱ्यांच्या घरी सेट नव्हते. पुढे सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले आणि बाकीचा इतिहास सर्वांना माहीत आहे. हे जुने प्रकरण उकरून काढण्याचे कारण असे की, शंभर वर्षांनी तोच प्रश्न नव्या यंत्रासह पुन्हा दारात उभा आहे. त्या यंत्राचे नाव डिजिटल रेडिओ.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, खाजगी रेडिओ कंपन्यांसाठी डिजिटल रेडिओ प्रसारणाचे धोरण कसे असावे याच्या शिफारशी केंद्र सरकारला सादर केल्या. वर्तमानपत्रांनी ही बातमी व्यापाराच्या पानावर छापली आणि विषय संपला. चळवळीच्या एकाही व्यासपीठावर त्यावर अर्धा तास चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे आरक्षणाचा शासन निर्णय निघाला की रात्रीत मोर्चाची तयारी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु हवेतल्या लहरींची वाटणी होत असताना आपण त्या विषयाला तांत्रिक समजून बाजूला ठेवतो. तांत्रिक म्हटले की तो विषय इंजिनिअरांचा, असा आपला एक भाबडा समज आहे. जमीन मोजण्याचे कामही तांत्रिकच असते. पण ती कुणाच्या नावावर चढते हा प्रश्न तांत्रिक नसतो.

म्हणून आधी तंत्र थोडक्यात समजून घेऊ. आज आपण जो एफएम रेडिओ ऐकतो त्यात एका लहरीवर एकच वाहिनी बसते. मुंबईच्या वाहिन्यांचे आकडे पाहा: ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येकात ०.८चे अंतर आहे. एका वाहिनीचा आवाज शेजारच्या वाहिनीत मिसळू नये म्हणून मध्ये ही मोकळी जागा सोडलेली असते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात सगळ्यांना बसवायचे, त्यामुळे एका शहरात फार वाहिन्या मावत नाहीत. जागा कमी आणि मागणारे पुष्कळ, म्हणून लिलाव. लिलाव म्हणजे ज्याची थैली मोठी त्याची लहर.

डिजिटल पद्धतीत आवाजाचे रूपांतर आकड्यांत होते आणि ते आकडे दाबून, घडी घालून पाठवले जातात. जिथे एक वाहिनी मावत होती तिथे तीन-चार मावतात, आवाज स्वच्छ येतो आणि सोबत मजकूरही पाठवता येतो, म्हणजे कार्यक्रमाचे नाव, हवामानाचा इशारा, रेल्वेची सूचना. ट्रायच्या शिफारशीनुसार नव्या परवानाधारकाला मिळालेल्या एका लहरीवर एक जुन्या पद्धतीची वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी चालवता येईल. सुरुवात देशातल्या १३ शहरांतून व्हावी असे ट्राय म्हणते. त्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई ही चार महानगरे आणि दुसऱ्या श्रेणीतली नऊ शहरे आहेत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर ही तिन्ही त्यात येतात. जुन्या कंपन्यांनाही स्वेच्छेने या पद्धतीत येण्याची मुभा असावी आणि एफएम बंद करण्याची तारीख आताच ठरवू नये, असेही त्यात आहे. शिफारस म्हणजे धोरण नव्हे. अंतिम निर्णय माहिती व प्रसारण मंत्रालयाचा असतो. आणि म्हणूनच बोलायची वेळ निर्णयाच्या आधीची असते.

आता खरा मुद्दा. जिथे एक खुर्ची होती तिथे चार खुर्च्या होणार आहेत. तंत्रज्ञानाने वाढवलेल्या या तीन खुर्च्या कुणाच्या? शिफारशींचे उत्तर सरळ आहे: ज्याने लिलावात पहिली घेतली त्याच्याच. आरक्षणाच्या लढाईत मुरलेल्या समाजाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. महाविद्यालयात जागा वाढल्या तर वाढीव जागांत वाटा कुणाचा, हे आपण विचारतो. हवेत जागा वाढल्या तर का विचारू नये? कागदाचे शीर्षकच बोलके आहे. धोरण 'खाजगी रेडिओ प्रसारकांसाठी' आहे. लोकसमूहांसाठी, विद्यापीठांसाठी, कामगार संघटनांसाठी, सहकारी संस्थांसाठी अशी दुसरी शिफारस त्याच्या जोडीला आलेली नाही.

कुणी म्हणेल, कंपनीने पैसे मोजले तर तिला मिळायलाच हवे. याचे उत्तर आपण देण्याची गरज नाही, सर्वोच्च न्यायालयाने ते ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिले आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला होता. त्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या मक्तेदारीची नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याही मक्तेदारीची नाही. एवढ्यावर न थांबता न्यायालयाने केंद्र सरकारला निर्देश दिला की, लहरींच्या वापरावर नियंत्रण ठेवण्यासाठी समाजाच्या सर्व घटकांचे आणि हितसंबंधांचे प्रतिनिधित्व करणारे स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण स्थापन करावे. 'सर्व घटकांचे प्रतिनिधित्व' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

हा निकाल देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी होते. हीच दोन नावे १९९२च्या मंडल निकालाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठावरही होती. ओबीसींचे २७ टक्के आरक्षण ज्या निकालाने उचलून धरले, त्यातले दोन न्यायमूर्ती अडीच वर्षांत लहरींच्या वाटणीबद्दल बोलले आणि तिथेही त्यांनी 'सर्व घटक' हीच कसोटी लावली. हा योगायोग मानायचा असेल त्यांनी खुशाल मानावा. सावंत साहेब नंतर पुण्या-मुंबईतल्या परिवर्तनवादी व्यासपीठांवर अखेरपर्यंत दिसत राहिले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. मंडल निकालावर आपल्याकडे शेकडो व्याख्याने झाली. त्यांच्या लहरींच्या निकालावर किती झाली?

ते प्राधिकरण काही झाले नाही. १९९७ साली प्रसार भारती आली, पण ती आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था आहे, लहरींची वाटणी करणारी नव्हे. २००४ साली प्रसारणाचे नियमन ट्रायकडे सोपवले गेले. ट्राय हे बाजाराचे गणित सोडवणारे प्राधिकरण आहे. किमान बोली किती, शुल्क किती टक्के, परवाना किती वर्षांचा, हे ते चोख सांगते. त्यात समाजाचे सर्व घटक बसलेले असावेत अशी कायद्याची अट नाही. ट्राय वाईट आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. ज्या कामासाठी वजनकाटा आणला त्याच्याकडून आपण न्यायनिवाड्याची अपेक्षा करू लागलो, एवढेच.

आता बदलापूरकडे वळू, कारण धोरणाचा कागद दिल्लीत चांगला दिसतो आणि कर्जतच्या लोकलमध्ये त्याची परीक्षा होते. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या हे रेल्वेच्या गर्दीत उभे राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. जनगणनेने ही तिन्ही शहरे बृहन्मुंबईच्या नागरी समूहात मोजली आहेत. मोजायला आपण मुंबईत आहोत. पण ऐकायला?

एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. मलंगगडापासून चंदेरीपर्यंतची डोंगररांग बदलापूर-वांगणीच्या पश्चिमेला उभी आहे आणि मुंबईचे मनोरे तिच्या पलीकडे आहेत. त्यामुळे कल्याण सोडले की मोबाइलवरचा रेडिओ खरखरू लागतो. इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना असते, ती हाताने हलवत माणूस गाणे पकडत राहतो. आणि इथे डिजिटलचा एक गुण अवगुण ठरतो. जुन्या पद्धतीत लहर अशक्त झाली तर खरखर वाढते, पण शब्द कळतात. डिजिटल पद्धतीत तसे मधले काही नसते. लहर पुरेशी असेल तोवर आवाज लखलखीत आणि एका मर्यादेखाली गेली की एकदम शांतता. म्हणजे परळ-दादरला आवाज सुधारणार आणि वांगणी-नेरळला जो मोडकातोडका येत होता तोही गप्प होणार, ही शक्यता खरी आहे.

याला उपाय नाही असे नाही. डिजिटलमध्ये एकाच लहरीवर अनेक ठिकाणी छोटे प्रक्षेपक बसवता येतात. एफएममध्ये असे केले तर ते एकमेकांच्या आवाजात घोळ करतात. डिजिटलमध्ये ते नीट जुळवले तर एकमेकांना मदत करतात. कल्याणच्या पुढे एक-दोन छोटे प्रक्षेपक बसवले तर कर्जत-कसाऱ्यापर्यंतची सावली भरून निघू शकते. पण ते बसवणार कोण? कंपनीचा जाहिरातदार अंधेरी-बोरिवलीच्या ग्राहकावर डोळा ठेवून असतो. परवान्यात अट घातली नाही तर बदलापूरसाठी कुणी खांबही रोवणार नाही. म्हणून मागणी नेमकी हवी: 'मुंबई' म्हणून जी लहर विकली जाईल, तिचा आवाज जनगणनेने मुंबईत मोजलेल्या प्रत्येक शहरात पोचला पाहिजे, आणि तो पोचतो की नाही हे कंपनीने नव्हे तर सरकारी यंत्रणेने मोजून जाहीर केले पाहिजे.

दुसरी अडचण सेटची, आणि १९३०चे भूत इथेच पुन्हा उभे राहते. डिजिटल लहर साध्या ट्रान्झिस्टरवर ऐकू येत नाही. वेगळा सेट लागतो. उल्हासनगरच्या बाजारात साधा रेडिओ काही शेकड्यांत मिळतो. डिजिटल सेटला काही हजार मोजावे लागतात, आणि तोही सहज मिळत नाही. आकाशवाणीचा अनुभव यासाठी पुरेसा आहे. आकाशवाणीने 'डिजिटल रेडिओ मोंदिआल', म्हणजे डीआरएम, या पद्धतीच्या चाचण्या २००७ च्या सुमारास केल्या, २००९च्या जानेवारीत दिल्लीजवळच्या खामपूर येथील शॉर्टवेव्ह प्रक्षेपकावरून नियमित प्रक्षेपण सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत देशभर तीन डझनांच्या आसपास प्रक्षेपक डिजिटल केले. मुंबई आणि पुण्याचे मध्यम लहरींचे प्रक्षेपकही त्यात आले. जनतेच्या पैशातून हे सारे उभे राहिले. पण सामान्य माणसाच्या हातात सेट नव्हता. तो बसला कुठे, तर नव्या मोटारींत. आज रस्त्यावरच्या लाखो मोटारींत डीआरएम ऐकण्याची सोय आहे. गाडीवाल्याला आकाशवाणी लखलखीत ऐकू येते आणि ज्याच्यासाठी आकाशवाणी काढली तो एसटीच्या थांब्यावर उभा आहे.

याहून कडू अनुभव 'वर्ल्डस्पेस'चा. उपग्रहावरून डिजिटल रेडिओ देणारी ही अमेरिकन कंपनी होती. २००० नंतर तिने भारतात सेट विकले, वर्गणी घेतली, संगीतप्रेमी मध्यमवर्गाने ती आनंदाने भरली. कंपनीचे दिवाळे निघाले आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. लोकांच्या कपाटात राहिले ते बिनकामाचे डबे. तो सेट दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम पकडू शकत नव्हता, कारण पद्धत एका कंपनीची होती. म्हणूनच पद्धत कोणती निवडायची हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डीआरएम ही खुली, अनेक प्रसारकांनी मिळून घडवलेली पद्धत आहे. अमेरिकेतली 'एचडी रेडिओ' ही पद्धत एका कंपनीच्या मालकीच्या तंत्रावर उभी आहे. युरोपात 'डॅब' चालते. ट्रायने देशभर एकच पद्धत ठेवावी असे म्हटले आहे, ते बरोबर आहे. मात्र ती कोणती हे ठरवण्याचा एक मार्ग लिलाव हाही असू शकतो, असे म्हणून दार उघडे ठेवले आहे. हातात येणारा सेट स्वस्त होणार की महाग, तो भारतात कुणालाही बनवता येणार की परवान्यासाठी परदेशी पैसे मोजावे लागणार, हे ज्या निर्णयावर अवलंबून आहे तो निर्णय बोली लावणाऱ्यांवर सोडायचा का?

नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद करून डिजिटल स्वीकारले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफएम बंद केले आणि श्रोते गमावले. इतक्या श्रीमंत देशात लोक नवा सेट घ्यायला कुरकुरले, तर आपल्याकडे काय होईल याचा अंदाज करावा. भारतात एफएम इतक्यात बंद करायचे नाही, हे ट्रायचे म्हणणे म्हणून दिलासा देणारे आहे. परंतु मध्यम लहरींच्या बाबतीत आकाशवाणी हळूहळू काढता पाय घेतेच आहे. नागपूरच्या १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर देश ऐकत असलेली राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली होती, ती २०१८च्या अखेरीस बंद झाली. कुणी फारसे रडले नाही.

'आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, रेडिओ कशाला?' हा प्रश्न कार्यकर्तेच विचारतात. त्यांनी बदलापूरचाच अनुभव आठवावा. २६ जुलै २००५च्या महापुरात मोबाइल बंद पडले तेव्हा मुंबई परिसरात रेडिओच बोलत होता. २७ जुलै २०१९च्या पहाटे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी तासन् तास पाण्याने वेढलेल्या डब्यांत बसून होते. आधी धावले ते आसपासच्या गावांतले लोक, मग आपत्ती दल, नौदल आणि सैन्य. डिजिटल रेडिओत धोक्याच्या वेळी सेट आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर वळवण्याची आणि मजकूर दाखवण्याची सोय असते. उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना याचा उपयोग आहे की नाही ते सांगावे.

आणि २०२४चा ऑगस्ट. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरील अत्याचारानंतर २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर शहरातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. इंटरनेटवरचा रेडिओ एका आदेशाने गप्प होतो, हे बदलापूरने पाहिले. हवेतून येणाऱ्या लहरीला डेटा पॅक लागत नाही, ती ऐकणाऱ्याची नोंद कुठल्या कंपनीकडे होत नाही आणि एकाच वेळी लाख माणसांनी ऐकली तरी ती मंदावत नाही. गरिबाच्या दृष्टीने हे तीन फायदे लहान नाहीत. म्हणून मोबाइलमध्ये रेडिओ ऐकण्याची सोय असलीच पाहिजे, ती कंपनीने बंद करून विकू नये, ही मागणीही याच यादीत येते. २०२३ साली केंद्र सरकारने उत्पादकांना तशी सूचना केली. पण सूचना म्हणजे सक्ती नव्हे.

तरीही सेट मिळाला, लहर पोचली, तर ऐकायचे काय? भारतात खाजगी एफएमवर स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, एवढेच. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चोवीस तास ओरडतात त्याला हरकत नाही, पण रेडिओवर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काय घडले हे सांगायला बंदी. ट्रायने ५ सप्टेंबर २०२३च्या शिफारशींत तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांची मुभा द्यावी असे म्हटले. तेही शिफारशीच्या पातळीवरचे. दुसरीकडे सरकारी बातमीचे काय चालले आहे? २०२३च्या जूनमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा आदेश निघाला, ओरड झाली, तेव्हा तो थांबवला गेला. म्हणजे लोकांनी आवाज उठवला की ऐकले जाते. उठवावा मात्र लागतो.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे आपण दरवर्षी सांगतो. छापखाना तरी विकत घेता येत होता, उधारीवर चालवता येत होता. बाबासाहेबांनी तो चालवला. लहर विकत घ्यायची तर कोट्यवधींची बोली लागते. बाबासाहेबांना रेडिओची ताकद कळत नव्हती असे नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपल्या जीवनाच्या तत्त्वज्ञानावर भाषण केले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली, हे देशाने त्यांच्या तोंडून हवेतूनच ऐकले. पण तो पाहुण्याला दिलेला वेळ होता. घर दुसऱ्याचे होते. पुढे आपल्या शाहिरांची भीमगीते घरोघर पोचली ती प्रामुख्याने रेडिओमुळे नव्हे, जलशांमुळे आणि कॅसेटमुळे.

घर आपले असले तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या तेलंगणात आहे. पूर्वीच्या मेदक जिल्ह्यातील जहीराबादजवळच्या माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संगम रेडिओ' सुरू झाला. स्वयंसेवी संस्थेला मिळालेला देशातला पहिला लोकसमूह रेडिओ, आणि तो चालवणाऱ्या दलित स्त्रिया. बियाणी, ज्वारी-नाचणीची शेती, बाळंतपण, गाणी, सगळे त्यांच्या तोंडच्या तेलुगूत. आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' त्याच वर्षी सुरू झाली. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे बसवली होती. ऐका, चर्चा करा, कृती करा, असा तो प्रयोग. जगभर त्याचे कौतुक झाले. गावच्या त्या बैठकीत आपल्या वाडीतला माणूस कुठे बसला होता, ओट्यावर की ओट्याखाली, हा प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता. माचनूरला तो प्रश्नच उरला नाही, कारण मायक्रोफोन तिच्याच हातात होता.

लोकसमूह रेडिओचे धोरण २००२ साली शिक्षणसंस्थांसाठी आणि १६ नोव्हेंबर २००६पासून स्वयंसेवी संस्थांसाठी खुले झाले. शंभर वॉटचा छोटा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा परीघ, किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने. लिलाव नाही. देशात अशी केंद्रे आता पाचशेच्या आसपास आहेत. परंतु मोठ्या शहरांत त्यांच्यासाठी राखलेल्या लहरी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्या भरल्या की उत्तर ठरलेले असते: जागा नाही. डिजिटलने हे उत्तरच खोटे पाडले आहे. जागा आहे. एका लहरीत चार आहेत. त्यातील एक वाहिनी लिलावाबाहेर ठेवून लोकसमूहांना, विद्यापीठांना द्यावी. प्रक्षेपक कंपनीचा किंवा आकाशवाणीचा असेल, कार्यक्रम लोकांचे असतील. आकाशवाणीच्या डिजिटल प्रक्षेपकांवर तर हे उद्याही करता येईल, ते आधीच जनतेच्या पैशाने उभे आहेत.

मंत्रालयाचा निर्णय होईपर्यंत लेखी निवेदन देता येते. त्याला इंजिनिअर लागत नाही. निवेदनात १९९५च्या निकालाची तारीख, वाढीव वाहिन्यांतला वाटा, नागरी समूहातील प्रत्येक शहरापर्यंत आवाज, खुली पद्धत आणि स्वस्त सेट, एवढे असले तरी पुरे. आणि ज्यांच्या संस्थेच्या नोंदणीला तीन वर्षे झाली आहेत त्यांनी सध्याच्याच नियमांखाली लोकसमूह रेडिओसाठी अर्ज करावा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात विहारांची ट्रस्ट मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, शाळा चालवणाऱ्या संस्था आहेत. दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात यांतील बहुतेक वस्ती बसते, आणि मधे एकही डोंगर येत नाही.